पाला घातला म्हणून जिन पौष्टिक होत नाही

पुदिना, बेझिल घातलं की जिन आरोग्याला चांगली होते, हे आधी डोक्यातून काढून टाक. पानांतून उतरतो तो वास आणि थोडा रंग; जीवनसत्त्वं मोजण्याइतकी नसतात. उष्मांक येतात अल्कोहोलमधून, ग्रॅमला 7 किलोकॅलरी. म्हणजे 40 टक्क्यांच्या 30 मिली जिनमध्ये साधारण 65. खरी गोम मिक्सरमध्ये, म्हणजे जिनमध्ये मिसळायच्या पेयात आहे. टॉनिक वॉटर कडवट लागतं, म्हणून त्यातली साखर लक्षातच येत नाही (भलेभले फसतात). लेबल वाच, नाहीतर सरळ सोडा-लिंबू घे. मला तरी तेच आवडतं. पानं जिनमध्ये मुरवायचीच असतील तर रोझमेरी दिवसभर मुरू दे, बेझिल मात्र काही तासांतच गाळून काढ, नाहीतर काळपट पडतं. आणि पेग मापानेच ओत, अंदाजाचा हमखास मोठा होतो.