एअर पिस्तुलाचे छर्रे निवडताना

ताई, पिस्तूल घेतलंस, छान केलंस. आता दुकानदार देईल तो डबा उचलू नकोस.

१० मीटरच्या नेमबाजीसाठी ४.५ मिमीचा, सपाट तोंडाचाच छर्रा घ्यायचा. तो कागदात स्वच्छ गोल भोक पाडतो, त्यामुळे गुण रेषेवर वाचता येतात. टोकदार छर्रा कागद फाडतो. वजन ०.४५ ते ०.४९ ग्रॅमच्या आसपास ठेव, ०.५३ ग्रॅमचे बहुधा रायफलवाले वापरतात.

खरा प्रश्न छर्‍याच्या डोक्याच्या, म्हणजे पुढच्या भागाच्या, मापाचा. डब्यावर ४.४९, ४.५० मिमी असं लिहिलेलं असतं, आणि एवढ्याशा फरकानंही गट, म्हणजे कागदावरच्या भोकांचा पुंजका, पसरतो. कोणतं माप चांगलं हे तुझी नळीच सांगेल, मी नाही. दोन-तीन मापं थोडी थोडी आणून, पिस्तूल शिकंज्यात घट्ट बसवून प्रत्येकाच्या पाच-पाच गोळ्या झाड. हातात धरून केलेली परीक्षा तुझ्या हाताची होते, छर्‍याची नाही. लक्ष्यावरचं दहा गुणांचं वर्तुळ जेमतेम ११.५ मिमीचं, म्हणून हा खटाटोप सार्थकी लागतो. आपल्या इंदूरजवळ महूला सैन्याचं नेमबाजी युनिट आहे; एवढ्या जवळ इतकी मोठी परंपरा असताना आपण अंदाजानं का खेळायचं?

माप ठरलं की एकाच लॉटचे, म्हणजे कारखान्यातल्या एकाच खेपेचे, डबे घे. शिसं मऊ असतं, डबा पडला की कडा चेपतात. असे छर्रे सरावालाही नकोत.

आणि सराव संपल्यावर साबणानं हात धुतल्याशिवाय पोह्यांना हात लावायचा नाही. शिसं पोटात जातं, ह्यात मी कुणालाच सूट देत नाही.