ॲमेझॉनवर विक्रेत्याची सेवा कशी मोजतात? चांगल्या सेवेचा फायदा काय?

सरासरी स्टार पाहून फार खूश होऊ नका, खरी मेख ‘ऑर्डर डिफेक्ट रेट’मध्ये आहे. एक-दोन स्टारचा अभिप्राय, ए-टू-झेड क्लेम (गिऱ्हाइकानं ॲमेझॉनकडे मागितलेली भरपाई) किंवा गिऱ्हाइकानं बँकेमार्फत कार्डवरून परत खेचलेले पैसे, यांपैकी काहीही झालं की ती ऑर्डर सदोष. 60 दिवसांतल्या अशा ऑर्डरचं प्रमाण 1 टक्क्याच्या आत हवं. आता गंमत बघा, दोन महिन्यांत तुमच्या 50च ऑर्डर असतील तर एका चिडक्या गिऱ्हाइकानं थेट 2 टक्के! छोट्या विक्रेत्याला हे गणित जाचकच आहे. त्यात स्वतः माल पाठवत असाल तर उशिरा रवाना झालेल्या ऑर्डर 4 टक्क्यांखाली आणि तुम्ही रद्द केलेल्या 2.5 टक्क्यांखाली ठेवायच्या.

बक्षीस म्हणाल तर पैसे कोणी देत नाही. एकच वस्तू दहाजण विकत असतील तेव्हा ‘बाय’ बटणामागे तुमचं नाव येण्याची शक्यता वाढते, अर्थात किंमतही बघतात. ईबे ही दुसरी ऑनलाइन बाजारपेठ मात्र शुल्कात सूट देते: अमेरिकेत ‘टॉप रेटेड प्लस’ हा उत्तम सेवेचा शिक्का मिळालेल्या लिस्टिंगला (विक्रीला लावलेल्या वस्तूला) अंतिम विक्री शुल्कात, म्हणजे विक्री झाल्यावर ईबे घेतं त्या रकमेत, 10 टक्के सवलत आहे, पण त्यासाठी एका कामकाजाच्या दिवसात माल रवाना करणं आणि 30 दिवस माल मोफत परत घेणं आलंच.

स्टॉकचा आकडा रोज तपासा. माल संपलेला असताना ऑर्डर आली तर ती रद्द करावी लागते, बऱ्याच ऑर्डर तिथेच बोंबलतात.