नागपुरात नाताळच्या आठवड्यात मॉर्मन (एक ख्रिस्ती पंथ) पद्धतीचा बाप्तिस्मा, म्हणजे पाण्यात पूर्ण बुडवून पंथात घेण्याचा विधी, ठेवायचा आहे. काय तयारी लागते?

तारखेआधी बाप्तिस्मा घेणाऱ्याची मंडळीकडून मुलाखत होते. वय किमान 8 हवं, अल्पवयीन असेल तर पालकांची परवानगी. नाताळ आहे म्हणून घाई करू नका, शिकवण नीट समजलेली असणं जास्त महत्त्वाचं.

पाणी साधारण कमरेइतकं. पांढरे कपडे जाड घ्या, पातळ कापड भिजलं की पारदर्शक होतं. सगळ्यात जास्त चूक बुडवताना होते: केस किंवा पायाचा अंगठा वर राहिला तर विधी पुन्हा करावा लागतो, म्हणून गुडघे वाकवायला आधीच शिकवा. बुडवण्याआधी म्हणायच्या ठरलेल्या प्रार्थनेचा शब्द चुकला तरी तेच. दोन साक्षीदार यावरच लक्ष ठेवतात.

आपल्याकडे डिसेंबरची सकाळ फार गार, दुपारची वेळ ठरवा. टॉवेल, कोरडे आतले कपडे विसरू नका. पवित्र आत्म्याचं दान (डोक्यावर हात ठेवून करायचा पुढचा विधी) नंतर, बहुधा रविवारच्या सभेत.