वर्गातल्या नाताळासाठी मिठाच्या कणकेचे तारे

जर्मनीत राहणाऱ्या एका भगिनींनी विचारले आहे की, मुलीच्या दुसरीच्या वर्गात नाताळच्या झाडासाठी हाताने सजावट करायला पालकांनाही बोलावले आहे. आमच्या घरी नाताळ नसतो, तरी जावे का, आणि मुलांकडून काय करून घ्यावे?

अवश्य जावे. आकाशकंदिलाच्या झिरमिळ्या कापण्यात ज्यांचे बालपण गेले, त्यांना कात्री, खळ आणि पतंगी कागद परके नाहीत. शिवाय त्या देशात या कामाचे शाळेशी जुने नाते आहे. हेर्नहूट या जर्मन गावाच्या नावाने ओळखला जाणारा अनेक टोकांचा कागदी तारा 19व्या शतकाच्या पूर्वार्धात मोरावियन या ख्रिस्ती पंथाच्या शाळेत भूमिती शिकवताना जन्माला आला. चार पट्ट्या एकमेकींत गुंफून होणारा फ्रोबेल तारा मात्र सात वर्षांच्या बोटांना अवघड जातो.

या वयाला मिठाची कणीक उत्तम. दोन वाट्या मैदा, एक वाटी बारीक मीठ आणि साधारण एक वाटी पाणी, तेही थोडे थोडे घालत, पुरीच्या कणकेइतके घट्ट मळावे. अर्धा सेंटिमीटर जाडीची पोळी लाटून साच्याने आकार कापावेत आणि दोरा ओवायचे भोक भाजण्याआधीच पाडून घ्यावे, कारण नंतर पाडू गेल्यास तारा हमखास तडकतो. 120 अंश सेल्सिअसवर दोन ते तीन तास, मध्ये एकदा उलटून, भाजावे. एवढा वेळ वर्गात मिळत नाही, म्हणून भाजण्याचे काम आपण घरी करावे आणि रंगकाम दुसऱ्या दिवशी ठेवावे. आत ओल राहिली तर रंग पोपडे धरून सुटतो.

गव्हाची बाधा होणारे मूल वर्गात आहे का, हे शिक्षिकांना आधीच विचारावे. ज्यांच्या घरी कुत्रा आहे त्यांनाही सावध करावे, कारण एवढे मीठ पोटात गेल्यास कुत्र्याच्या जिवावर बेतू शकते.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगते. माझ्या मुलाच्या ताऱ्याची एक टोकदार बाजू बसकी झाली होती, ती मी नकळत चिमटीने सारखी केली. त्याने तो तारा झाडाला लावलाच नाही. "हा तुझा आहे," एवढेच म्हणाला. म्हणून आपण फक्त कणीक मळून द्यावी, भोक कुठे पाडायचे ते दाखवावे आणि हात मागे घ्यावा.