शाळा उघडली, पण मूल आलं का?

शिक्षणाच्या इतिहासावर वाचकांनी पाठवलेल्या प्रश्नांपैकी काहींची ही उत्तरं.

इंग्रज येण्याआधी आपल्याकडे गावोगाव शाळा होत्या असं एकजण म्हणतो, दुसरा म्हणतो शिक्षणच नव्हतं. खरं काय? (पुण्याहून एक पदवीचे विद्यार्थी)

शाळा होत्या. कुणाच्या ओसरीवर, कुठे देवळात पंतोजी मुलं जमवायचे. धूळपाटीवर अक्षरं गिरवायची, मोडी वाचायची आणि पाढे घोकायचे. पाढेही नुसते बे ते तीस नव्हेत, तर पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी आणि औटकीसुद्धा. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. शेर-पायलीच्या आणि आणे-पैच्या व्यवहारात बसणाऱ्या मुलाला तो तोंडपाठ लागायचा. शिक्षण होतं ते याच गरजेपुरतं. म्हणून तिथे कारकुनाचा, वाण्याचा, सोनाराचा मुलगा दिसे. मुली जवळजवळ नव्हत्या आणि अस्पृश्य मानलेल्या जातींना दारच बंद होतं. तेव्हा ‘शाळा होत्या’ असं कुणी म्हटलं की ‘कुणासाठी?’ असं विचारत जा.

जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८४८ मध्ये पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली, एवढंच पुस्तकात येतं. सरकारकडे त्यांनी नेमकं काय मागितलं होतं? (नाशिकहून एक शिक्षिका)

बाई, हा प्रश्न विचारलात याचा फार आनंद झाला, कारण १९ ऑक्टोबर १८८२ रोजी जोतीरावांनी हंटर आयोगाला (ब्रिटिश सरकारने शिक्षणाच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाला) दिलेलं निवेदन प्रत्येक डीएड-बीएडच्या वर्गात ओळ न् ओळ वाचलं जायला हवं. त्यांचा मूळ मुद्दा पैशाचा होता. सरकारी तिजोरी भरते रयतेच्या घामातून आणि शिक्षणाचा खर्च होतो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर. वरच्यांना शिकवलं की विद्या आपोआप खाली झिरपेल, हे सरकारी गृहीतक त्यांनी साफ नाकारलं.

तेवढ्यावर ते थांबले नाहीत. प्राथमिक शिक्षण निदान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचं करा, असं त्यांनी मागितलं. शिक्षक शेतकरी वर्गातले, प्रशिक्षित हवेत आणि त्यांना पगार पोटभर हवा. अभ्यासात मोडी आणि बाळबोध (देवनागरी) वाचन-लेखन, हिशेब, थोडा इतिहास, भूगोल, व्याकरण आणि त्यासोबत शेतीची आणि आरोग्याची प्राथमिक माहिती असावी. मला सर्वांत मोलाची वाटते ती आणखी एक गोष्ट. गरीब शेतकऱ्याची मुलं शाळेत का येत नाहीत, याचं उत्तर त्यांनी अडाणीपणात शोधलं नाही. ती मुलं घरी गुरं राखायला आणि शेत सांभाळायला लागतात, असं त्यांनी स्पष्ट लिहिलं आणि म्हणून अशा मुलांना शिष्यवृत्त्या आणि बक्षिसं द्या असं सुचवलं. पुढची शंभर वर्षं ज्यांनी ज्यांनी खेड्यात खरं काम केलं, त्यांना हाच प्रश्न सोडवावा लागला.

सक्तीचं शिक्षण आधी कुणी आणलं, शाहू महाराजांनी की सयाजीरावांनी? (कोल्हापूरहून एक वाचक)

सयाजीराव गायकवाडांनी. बडोदा संस्थानात १८९३ साली अमरेली भागात त्यांनी प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो संस्थानभर नेला. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ मध्ये तसंच विधेयक ब्रिटिश हिंदुस्थानासाठी मांडलं. मागणी अगदी माफक होती, तरी पुढच्या वर्षी ते १३ विरुद्ध ३८ मतांनी पडलं. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. मूल न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला.

कोण आधी, या वादात मला फार रस नाही. शाहू महाराजांचं मोठेपण असं की सक्तीच्या कायद्याआधी सोळा वर्षं, १९०१ पासून, ते निरनिराळ्या जातीधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृहं उभी करत होते. खेड्यातून आलेल्या पोराला जेवायला आणि निजायला जागा असेल तरच तो शिकेल, हे त्यांनी ओळखलं होतं.

आमचे आजोबा साताऱ्याच्या बोर्डिंगात शिकले. ते दगड वाहायचे, स्वयंपाक करायचे. आज याला बालमजुरीच म्हटलं असतं ना? (मुंबईहून एक वाचक)

तुमची शंका रास्त आहे, तरी मी ‘नाही’ असंच म्हणेन. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराडजवळ काले इथे रयत शिक्षण संस्था सुरू केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह काढलं. तुमच्या आजोबांसारख्या मुलांसमोर त्या काळी दोनच वाटा होत्या: दुसऱ्याच्या शेतावर राबून निरक्षर राहायचं किंवा बोर्डिंगात राबून शिकायचं. बोर्डिंगातल्या श्रमाचं फळ त्याच मुलाच्या ताटात आणि पाटीवर येत होतं. मालक कुणी नव्हता.

आणि ते ताट सगळ्या जातींच्या मुलांचं एका पंगतीत असायचं, हे विसरू नका. धान्य संपलं तेव्हा लक्ष्मीबाईंनी, कर्मवीरांच्या पत्नीने, अंगावरचे दागिने मोडले आणि शेवटी मंगळसूत्रही दिलं. त्या काळातल्या बाईने मंगळसूत्र उतरवणं म्हणजे काय, हे तुमच्या घरातल्या जुन्या माणसांना विचारा. १९२७ मध्ये गांधीजी साताऱ्याला आले तेव्हा त्यांच्या हस्ते या वसतिगृहाला शाहू महाराजांचं नाव दिलं गेलं. कर्मवीर स्वतः कोल्हापुरात शाहू महाराजांच्या सहवासात वाढलेले, त्यामुळे हा धागा सरळ आहे.

माझ्या वर्गातली निम्मी मुलं ऊसतोडीला आईबापांबरोबर जातात आणि उन्हाळ्यात परततात. इतिहासात याला काही उत्तर आहे का? (बीड जिल्ह्यातून एक शिक्षक)

आहे, गुरुजी, आणि ते डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर सापडतं. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला गरीब आणि आदिवासी मुलांसाठी काम सुरू केलं, ते पुढे कोसबाडला हललं. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला आल्या. वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ ती हीच. मोठी मुलं गुरांमागे रानात जायची, म्हणून कुरणशाळा निघाली: जिथे गुरं चरतात तिथेच बाईंनी जायचं आणि शिकवायचं. जोतीरावांनी नोंदवलेल्या अडचणीला दिलेलं इतकं सरळ उत्तर मी दुसरं पाहिलेलं नाही.

तुमच्याकडे दोन मार्ग आहेत. मूल जिथे जाईल तिथे शाळा, म्हणजे साखरशाळा. किंवा मूल गावातच राहील अशी सोय, म्हणजे हंगामी वसतिगृह. मला दुसरा जास्त भरवशाचा वाटतो, कारण वर्ग, मित्र आणि शिक्षक तेच राहतात. पण आजी-आजोबा आणि आयांशी आधी बोलावं लागतं, विशेषतः मुलींच्या बाबतीत. धाकट्या भावंडाला सांभाळायला थोरली हवी असते, म्हणून ती उसाच्या फडावर जाते. त्या धाकट्याची सोय कशी होईल, हा विषय शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत काढा. आणि बैठक दसऱ्याच्या बरीच आधी घ्या, कारण उचल (आगाऊ पैसे) घेऊन टोळ्या निघायच्या ठरल्या की मग आईबापांच्या हातात काही उरत नाही.