आधी म्हातारपणाचा हिशोब, मग घर

पोरी,

काल फोनवर घटस्फोटाबद्दल बोलताना तू एकच वाक्य तीनदा म्हणालीस, "मॅडम, फ्लॅट तेवढा मला मिळू दे, बाकी सगळं त्याचं त्याला लखलाभ." मी गप्प झाले, ते रागावून नाही. एकोणीस वर्षांपूर्वी वकिलासमोर बसून मी अगदी हेच बोलले होते.

आधी म्हातारपणाचा हिशोब, मग घर. हे मी पुन्हा पुन्हा सांगणार आहे, कंटाळलीस तरी.

लग्नानंतर घेतलेलं निम्मं आपोआप बायकोचं, असं तुझी आत्या सांगते ना? गोव्यासारखा अपवाद सोडला तर आपल्याकडे तसा कायदा नाही. पेन्शनचं तर विचारूच नकोस. घटस्फोटाचा हुकूमनामा झाला की नवऱ्यामागे मिळणाऱ्या कौटुंबिक पेन्शनवरचा बायको म्हणून असलेला हक्क संपला. पीएफवर कायद्यानुसार सहसा जप्तीही आणता येत नाही. म्हणजे जे मागायचं ते आत्ताच, एकरकमी, संमतीच्या अटींमध्ये आकडा घालून. त्याच कागदात खाली 'यापुढे काही मागणार नाही' असंही लिहिलेलं असतं. ते नीट वाच.

मला फ्लॅट मिळाला. कर्ज मात्र दोघांच्या नावावरच राहिलं, आणि कोर्टात आपण काय ठरवलं याच्याशी बँकेला देणंघेणं नसतं. त्याच्या वाटचे हप्ते थकले. घटस्फोटाला आठ वर्षं झाल्यावर एक पाकीट आलं, खिडकीतून दोघांची नावं दिसत होती, शेजारी शेजारी. ते मी किती तरी वेळ फोडलंच नाही. शेवटी माझा पीएफ काढून कर्ज फेडलं. आज तीन खोल्या आहेत, त्यातली एक झाडावी लागू नये म्हणून बंद ठेवते, आणि चौसष्टाव्या वर्षी संध्याकाळी दुसऱ्याचे जमाखर्च लिहिते.

लोक म्हणतात हट्टी होती. होतेच. दर अकरा महिन्यांनी भांड्यांची पोती बांधणारी आई मी पाहिली होती, माझ्या मुलाला मला ते दाखवायचं नव्हतं. घर मागितलं यात माझं काही चुकलं नाही. त्याच्या बदल्यात काय सोडतेय हे विचारलं नाही, तिथे चुकलं. आणि हे सगळं कळूनही आज कोणी घर विकायचा सल्ला दिला तर मी त्याला चहासुद्धा विचारणार नाही.

पण तू माझ्यासारखं करू नकोस! परस्पर संमतीच्या घटस्फोटात दोन अर्जांमध्ये सहा महिने असतात. 2017 पासून सुप्रीम कोर्टाच्या निकालामुळे ते माफ होऊ शकतात, म्हणून त्याला घाई आहे. तुला कसली घाई? "तो आकडेच दाखवत नाही" म्हणतेस. पोटगीच्या प्रकरणात दोघांनीही मालमत्ता आणि देण्यांचं प्रतिज्ञापत्र द्यायचं, असं त्याच कोर्टानं 2020 मध्ये सांगितलंय. वकिलाला विचार, ते मागितलं का. नसेल मागितलं तर का नाही, हेही विचार.

रविवारी ये. कर्जाची शिल्लक किती ते बँकेकडून लेखी घेऊन ये, तुझी पीएफची पासबुकं आण, त्याच्या पगाराची जुनी स्लिप सापडली तर तीही. बाल्कनीचे फोटो नको आणूस, ते मी पाहिलेत.

तुझी,
मॅडम