समोर नवी विंग उभी राहतेय, संमतीपत्रावर सही करू का?

प्रश्न : २०२१ मध्ये आम्ही माझगावच्या बंदराकडच्या बाजूला, जुन्या गोदामांच्या जागेवर होणाऱ्या टॉवरमध्ये चौदाव्या मजल्यावर घर घेतलं. करार नोंदणीकृत आहे, ८५ टक्के रक्कम भरली आहे. बाल्कनीतून भाऊचा धक्का आणि लाँची दिसतील असं चित्र माहितीपत्रकात होतं आणि ‘हार्बर व्ह्यू’ म्हणून १८ लाख रुपये वेगळे घेतले. ताबा डिसेंबर २०२४ मध्ये मिळायचा होता, इमारत अजून अपुरी आहे. आता बिल्डरचं पत्र आलंय : आमची इमारत आणि पाणी यांच्या मधे २२ मजल्यांची नवी विंग येणार, सोबतच्या संमतीपत्रावर सही करा, १५ दिवसांत उत्तर आलं नाही तर संमती आहे असं समजू. नकाशे बदलायला तुम्ही करारातच संमती दिली आहे, असंही ते म्हणतात. शेजाऱ्यांकडून कळलं की जमीन पोर्टची आहे, भाडेपट्ट्याची. सही केली नाही तर ताबा आणखी लांबेल, असं सेल्स ऑफिस सांगतं. शिवाय रात्री धक्क्याच्या बाजूने ठोकाठोकीचा आवाज येतो. राहायला गेल्यावर त्याची तक्रार करता येईल का? यजमान म्हणतात, सही करून मोकळे होऊ. काय करावं?

उत्तर : ताई, सही करू नका. गप्पही बसू नका. १५ दिवस संपायच्या आत लेखी नकार पाठवा.

रेरा, म्हणजे स्थावर संपदा नियमन कायद्याच्या (२०१६) कलम १४(२) मध्ये दोन गोष्टी स्पष्ट आहेत. मंजूर नकाशे, लेआउट किंवा सामाईक जागा यांत बदल करायचा तर त्या इमारतीत घर घेणाऱ्यांपैकी किमान दोन तृतीयांश लोकांची संमती लागते. ती आधी घ्यावी लागते आणि लेखी असावी लागते. ‘उत्तर आलं नाही म्हणजे संमती’ हा बिल्डरच्या लेटरहेडवरचा कायदा झाला, संसदेने केलेला नव्हे. दुसरं म्हणजे या पोटकलमाची सुरुवातच ‘कोणत्याही कायद्यात, करारात काहीही असलं तरी’ अशी आहे. त्यामुळे करारातल्या ज्या कलमाचा ते धाक दाखवतात, त्याचा जोर इथेच संपतो. सगळ्याच बिल्डरांच्या करारात ते कलम असतं. विसाव्या-पंचविसाव्या पानावर, बारीक टायपात. जुन्या मोफा (महाराष्ट्र फ्लॅट मालकी) कायद्याखालीसुद्धा मुंबई उच्च न्यायालयाने मधुविहार सोसायटीच्या खटल्यात २०१० मध्ये सांगितलं होतं की अशी सरसकट संमती चालत नाही. नेमका कोणता बदल होणार हे ग्राहकाला सांगून घेतलेली संमतीच खरी.

नकाराचं पत्र लांबवू नका. ‘आपल्या अमुक तारखेच्या पत्रातील प्रस्तावित विंगला आमची संमती नाही. करारातील कोणत्याही कलमाचा अर्थ आमची आगाऊ संमती असा काढू नये. ताबा आणि विलंबाचे व्याज याबाबतचे आमचे सर्व हक्क राखून ठेवत आहोत.’ एवढं पुरे. स्पीड पोस्टाने पोचपावतीसह पाठवा, ई-मेलही करा. सेल्स ऑफिसमधल्या मुलाला व्हॉट्सॲप केलंय, एवढ्यावर थांबू नका. खटल्याच्या वेळी तो मुलगा दुसऱ्या प्रोजेक्टवर गेलेला असतो.

पण तुमच्या एकटीच्या नकाराने विंग थांबणार नाही, हेही मनाशी पक्कं असू द्या. इथे मोजणी महत्त्वाची. तुमच्या इमारतीत ९० जणांनी घरं घेतली असतील, तर बिल्डरला ६० सह्या लागतील आणि ३१ जण ठाम राहिले की त्याचं गाडं अडतं. बिल्डरची स्वतःची, न विकलेली घरं यात धरली जात नाहीत. एकाच माणसाने स्वतःच्या, बायकोच्या आणि कंपनीच्या नावावर पाच घरं घेतली असली, तरी कायद्याला तो एकच ग्राहक. गुंतवणूक म्हणून घरं घेणारे पटकन सह्या देतात, त्यामुळे हा हिशोब नीट मांडा. ३१ माणसं जमवणं कोणत्याही वकिलाच्या नोटिशीपेक्षा उपयोगाचं आहे आणि त्याला फी लागत नाही.

नकार पाठवला की एक संध्याकाळ महारेराच्या, म्हणजे रेरा कायद्याखालच्या राज्य प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर घालवा. तुमच्या प्रकल्पाच्या पानावर नोंदणीच्या वेळचा मंजूर लेआउट असतो, करारालाही एक प्रत जोडलेली असते. ज्या जागेवर आता विंग येतेय, तिथे त्या नकाशात काय दाखवलं आहे? बाग किंवा मोकळी जागा असेल तर तुमची बाजू भक्कम. ‘भावी टप्पा’ किंवा ‘विंग बी, प्रस्तावित’ असं लिहिलेलं असेल तर मात्र बिल्डर म्हणेल की मी काहीच बदललं नाही, आधीपासून सांगत होतो. तेव्हा वाद मजल्यांच्या आणि जागेच्या फरकापुरता उरतो. आणखी एक चाल असते. नवी विंग वेगळा प्रकल्प म्हणून नोंदवायची आणि ‘तुमच्या प्रकल्पाशी संबंधच नाही’ म्हणायचं. अशा वेळी बघायचं ते हे की प्रवेशरस्ता, पोडियम (इमारतींखालचा उंच चौथरा) आणि मनोरंजनाची मोकळी जागा दोन्ही विंगना सामाईक आहे का. असेल तर संबंध आहेच.

आता तुमच्या मनाला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट : समोरचं पाणी. कडू वाटेल, पण नुसत्या दृश्यावर आपल्याकडे कोणाचा हक्क निर्माण होत नाही. उजेड-वाऱ्याचा हक्क १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात आहे, तोही वीस वर्षांच्या उपभोगानंतर. लाँची दिसण्याचा हक्क त्यात नाही. उद्या शेजारच्या तिसऱ्याच मालकाने टॉवर बांधला असता तर मी तुम्हाला घरी बसा म्हटलं असतं. इथे फरक पडतो तो १८ लाखांमुळे. ज्याने दृश्याचे पैसे घेतले, तोच त्याच्या आड भिंत उभी करतोय. रेराच्या कलम १२ नुसार जाहिरातीतल्या किंवा माहितीपत्रकातल्या चुकीच्या विधानावर विसंबून पैसे भरले आणि नुकसान झालं, तर भरपाई मागता येते आणि प्रकल्पातून बाहेर पडायचं असेल तर सगळी रक्कम व्याजासह परत मागता येते. म्हणून ते माहितीपत्रक, १८ लाखांची पावती किंवा डिमांड लेटर आणि त्या वेळचे ई-मेल हे तुमचं सोनं आहे. पावतीवर ‘हार्बर व्ह्यू’ असं लिहिलंय की नुसतं ‘फ्लोअर राइज’ (वरच्या मजल्याचा जादा आकार), हे आजच बघून घ्या. दोन्हींत फार अंतर आहे.

बिल्डरने तुम्हाला न सांगितलेला मुद्दा माझ्या मते सर्वांत वजनदार आहे. सागरकिनारा नियमन क्षेत्राची, म्हणजे सीआरझेडची, १८ जानेवारी २०१९ ची अधिसूचना भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतच्या जमिनीला लागू होते. शहरातला आधीच बांधलेला किनारा सहसा सीआरझेड-दोन मध्ये येतो. तिथे नवी इमारत बांधता येते, पण आधीपासून असलेल्या रस्त्याच्या किंवा अधिकृत पक्क्या बांधकामाच्या जमिनीकडच्या बाजूलाच. पाण्याच्या बाजूला नाही. नवी विंग तर तुमच्या इमारतीच्याही पुढे, पाण्याकडे सरकतेय. तिच्या आणि पाण्याच्या मधे रस्ता आहे का? की एखादं जुनं गोदाम दाखवून परवानगी मागितली आहे? ते गोदाम हेरिटेज यादीत असेल तर त्याला हात लावायला पालिकेच्या हेरिटेज समितीचाही प्रश्न येतो. महाराष्ट्र सागरकिनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाने या प्रस्तावाबद्दल काय म्हटलंय त्याची प्रत आणि १:४००० प्रमाणातला सीआरझेड नकाशा, ज्यावर भरतीरेषा आणि विंगची जागा दोन्ही दाखवलेल्या आहेत, बिल्डरकडे लेखी मागा. दिला नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा.

याला घाबरवणं म्हणू नका. केरळात मरडू इथल्या पाण्याकाठच्या चार गृहसंकुलांना सीआरझेडचं उल्लंघन म्हणून सर्वोच्च न्यायालयाने मे २०१९ मध्ये पाडायचा आदेश दिला आणि जानेवारी २०२० मध्ये ती स्फोटकांनी पाडली. घरं घेणारे करार करून, पैसे भरून तिथे राहत होते. त्यांना आधी प्रत्येकी २५ लाखांची अंतरिम भरपाई देण्याचा आदेश झाला. घर मात्र गेलं. नवी विंग बेकायदा ठरली तर तुमची इमारत पडेल असं मुळीच नाही. पण सामाईक पोडियमवर उभ्या असलेल्या वादग्रस्त विंगच्या शेजारी ओसी, म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र, मिळवणं सोपं नसतं. ‘सही केली नाही तर ताबा लांबेल’ असं सांगणाऱ्याला हे उलट ऐकवा.

जमीन पोर्टची आहे या बातमीने दचकू नका. माझगाव, शिवडी, रे रोड या पट्ट्यात मुंबई पोर्टच्या जमिनी पूर्वीपासून भाडेपट्ट्याने आहेत. प्रश्न एवढाच की हे तुमच्यापासून लपवलं का. करारातल्या जमिनीच्या परिशिष्टात सी. एस. नंबर (भूमापन क्रमांक) असेल. त्यावरून मालमत्ता पत्रक काढा आणि मालक व भाडेपट्टेदार कोण ते पाहा. महारेराच्या पानावर वकिलाचा टायटल रिपोर्टही असतो. भाडेपट्टा उघड सांगितलेला असेल तर तो दोष ठरत नाही. मात्र पट्ट्याची किती वर्षं उरली आहेत, नूतनीकरणाची अट काय, निवासी वापराला आणि घरांच्या विक्रीला पोर्टची लेखी परवानगी आहे का, पुढे घर विकताना पोर्टचा ना-हरकत दाखला लागेल का, या चार प्रश्नांची उत्तरं हवीतच. पोर्टच्या भाडेवाढीचा एक वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन २००४ मध्ये निकाली निघाला, यावरून हे प्रकरण किती चिवट असू शकतं ते कळेल. शिवाय पट्टा संपला किंवा रद्द झाला तर पोर्टकडे १९७१ च्या सार्वजनिक जागा कायद्याचं, जागा खाली करून घेण्याचं हत्यार असतं. लपवाछपवी निघाली आणि हक्कात दोष असल्यामुळे नुकसान झालं, तर रेराच्या कलम १८(२) खालच्या भरपाईला मुदतीची आडकाठी नाही.

उशिराबद्दल फार बोलायची गरज नाही, ती तुमची सरळ जिंकायची बाजू आहे. करारातली तारीख डिसेंबर २०२४. महारेराकडून बिल्डरने प्रकल्पाला मुदतवाढ घेतली असली तरी तुमच्या करारातली तारीख त्यामुळे बदलत नाही. नीलकमल रिअल्टर्सच्या २०१७ च्या निकालात मुंबई उच्च न्यायालयाने म्हटलं आहे की रेरा पक्षकारांमधला करार नव्याने लिहीत नाही. आता कलम १८ तुम्हाला दोन वाटा देतं. घर हवं असेल तर ताबा मिळेपर्यंत प्रत्येक महिन्याचं व्याज. नको असेल तर सगळी रक्कम व्याजासह परत. व्याजाचा दर महाराष्ट्रात स्टेट बँकेचा सर्वोच्च एमसीएलआर (कर्जाचा पायादर) अधिक दोन टक्के. ताबा वेळेवर न मिळाल्यास परताव्याचा हक्क बिनशर्त आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने न्यूटेक प्रकरणात नोव्हेंबर २०२१ मध्ये सांगितलं.

यातली एक वाट आधी यजमानांशी बसून ठरवा, मग तक्रार लिहा. ‘घर द्या, नाहीतर पैसे द्या’ अशा तक्रारी मी पुष्कळ पाहतो. त्या रेंगाळतात, कारण समोरच्याला तुमची खरी मागणी काय ते कळत नाही आणि तो तुम्हाला झुलवत ठेवतो. कर्ज असेल तर परताव्यातून आधी बँकेचं भागवावं लागेल. मुद्रांक शुल्काच्या परताव्यालाही कायद्याने मुदत आहे, ती उलटली नाही ना हे पाहून मगच रद्द करण्याची भाषा करा. नाहीतर काही लाख हकनाक जातील.

तोवर मनाने हप्ते थांबवू नका. हप्ता थकला की बिल्डरला कलम १९ खाली तुमच्याकडूनच व्याज मागता येतं आणि करार रद्द करण्याची नोटीस काढायला कारण मिळतं. करारानुसार ज्या टप्प्याची रक्कम मागितली, तेवढं काम झाल्याचा वास्तुविशारदाचा दाखला मागा आणि ‘हक्क राखून’ असं लिहून भरा.

तक्रार कलम ३१ खाली महारेराकडे करा. व्याज आणि परताव्याचा आदेश महारेरा देतं. १८ लाखांसारखी भरपाई न्यायनिर्णय अधिकाऱ्याकडे वेगळ्या अर्जाने मागावी लागते. दोन्ही एकाच कागदात कोंबलं की निम्मी मागणी तांत्रिक कारणाने पडते. महारेराचा सलोखा मंचही आहे. केवळ उशिराचा प्रश्न असता तर मी आधी तिथे जा म्हटलं असतं. संमतीचा आणि सीआरझेडचा मुद्दा मात्र तडजोडीत विरघळू देऊ नका. विंगचं काम प्रत्यक्ष सुरू झालेलं दिसलं तर तक्रारीसोबत अंतरिम स्थगितीचा अर्ज लगेच द्या. दहा मजले चढल्यावर स्थगिती मागणाऱ्याला पहिला प्रश्न ‘इतके दिवस कुठे होता?’ हाच विचारला जातो.

राहिला रात्रीचा आवाज. ध्वनिप्रदूषण नियमांत (२०००) निवासी क्षेत्रात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे, औद्योगिक क्षेत्रात ७०. तुमचा भूखंड कोणत्या क्षेत्रात मोडतो, त्यावर तक्रारीचं बळ ठरेल. मर्यादा ओलांडली जात असेल तर पोलीस आणि प्रदूषण नियंत्रण मंडळ, दोघांकडे जाता येईल. पण धक्क्यावरची आणि जवळच्या दारूखाना या जहाजतोडणीच्या भागातली माणसं टॉवरच्या कितीतरी आधीपासून तिथे काम करताहेत. ताबा मिळाल्यावर पहिलं पत्र त्यांच्याविरुद्ध लिहू नका. खिडक्यांना ध्वनिरोधक काचा देऊ असं बिल्डरने करारात म्हटलंय का ते पाहा. म्हटलं असेल, तर त्या मागून घ्या.